एका दिवशी एकच नख

गेल्या अंकात पावसाळ्यातील निगेविषयी लिहिताना ‘कुत्र्या-मांजरांची नखे घरच्या घरी कापावीत’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेले. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी उरलेल्या संपूर्ण लेखावर आली नाहीत. बहुतेकांच्या पत्रांत प्रश्नापेक्षा धास्ती अधिक आहे, आणि ती अनाठायी नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर चार वर्षांचा असून त्याची सगळी नखे काळी आहेत. वर्षभरापूर्वी मी कापत असताना एका नखातून रक्त आले. तेव्हापासून नेलकटरचा खण उघडल्याचा आवाज जरी आला, तरी तो पलंगाखाली जाऊन बसतो. दोघांनी धरायचे आणि तिसऱ्याने कापायचे असेही करून पाहिले, परंतु तो गुरगुरू लागल्यामुळे सोडून दिले. आता फरशीवर चालताना नखांचा सतत टकटक आवाज येतो. काय करावे? — एक वाचक, कोथरूड, पुणे

आपल्यापुढे नखांचा आणि भीतीचा असे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण ते एकाच वेळी सोडवू पाहत आहात. आधी भीती, मग नख, हा क्रम ठेवावा. दोघांनी धरून कापणे आजपासून बंद करावे, कारण अशा प्रत्येक झटापटीतून त्याची ‘पंजा हातात दिला की दुखते’ ही समजूत पक्की होत जाते. तो गुरगुरला म्हणून त्याला रागावू नये. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना आहे. ती देण्याबद्दल शिक्षा मिळाली, तर पुढच्या खेपेस तो सूचना न देता थेट चावेल.

रक्त का आले, ते समजून घेतले की निम्मी धास्ती जाते. नखाचे बाहेरचे कठीण कवच निर्जीव असते, मात्र त्याच्या आत मुळापासून काही अंतरापर्यंत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला मऊ भाग असतो. आपल्याकडे त्याला जिव्हाळी म्हणतात. आपले स्वतःचे नख जिव्हाळीपर्यंत कापले गेले की जी कळ जाते, तीच कळ त्याला गेली. हे अनुभवी हातांकडूनही होते. पाहुणे दारात येऊन ठेपले असताना घाईघाईने स्वतःच्या कुत्रीचे नख कापायला मी बसले आणि जिव्हाळीत कात्री घातली. पुढचे दोन महिने ती मला डावा पुढचा पाय द्यायला तयार नव्हती, उजवा मात्र देत असे.

भीती घालवण्यासाठी तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. पहिल्या आठवड्यात नेलकटर बाहेर काढूच नये. संध्याकाळी फिरून आल्यावर तो निवांत पडलेला असताना खांद्यावरून हात फिरवत खाली पंजापर्यंत आणावा, एक बोट अलगद दाबावे आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यावा. त्याने पाय ओढून घेतला तर सोडून द्यावा, पकडून ठेवू नये. पाय ओढल्यावर आपण सोडतो, हे त्याला कळणे हाच या आठवड्याचा अभ्यास आहे. दुसऱ्या आठवड्यात नेलकटर नुसते शेजारी जमिनीवर ठेवावे आणि त्याने ते हुंगले की तुकडा द्यावा. पुढे ते नखाला फक्त टेकवावे. ‘कट्’ या आवाजाचीच भीती असलेल्या कुत्र्यांसाठी एक साधी युक्ती आहे : एका हातात पंजा धरावा आणि दुसऱ्या हाताने स्पॅगेटीची कच्ची काडी कटकन मोडावी. आवाज तसाच येतो, पण दुखत मात्र काहीच नाही. हे दहा-पंधरा वेळा झाले की त्या आवाजाचा अर्थ त्याच्या लेखी बदलू लागतो.

त्यानंतर एके दिवशी एक नख कापावे, खाऊ द्यावा आणि उठावे. ‘आता शांत बसलाच आहे, तर उरकूनच टाकू’ हा मोह आवरावा. आलेल्या पत्रांतील बहुतेक गोष्टी याच वाक्यानंतर बिघडलेल्या आहेत. कुत्र्याच्या पुढच्या दोन पायांना अंगठ्यांसह दहा आणि मागच्या पायांना बहुधा आठ नखे असतात. रोज एक कापले तरी तीन आठवड्यांच्या आत फेरी पूर्ण होते, आणि तोवर पहिल्या नखाची पाळी पुन्हा आलेली असते.

आता काळ्या नखाविषयी. पांढरट नखात जिव्हाळी गुलाबी रेषेसारखी बाहेरूनच दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून एका फटक्यात तुकडा उडवण्याऐवजी चकत्या काढाव्यात. खिडकीजवळच्या उजेडात बसावे, नखाच्या वाकलेल्या टोकाची एक मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली चकती कापावी आणि कापलेले तोंड आपल्याकडे वळवून नीट न्याहाळावे. सुरुवातीला ते कोरडे, पांढुरके आणि खडूसारखे भुरभुरीत दिसते. आणखी एक-दोन चकत्यांनंतर मधोमध एक गोल, गडद आणि किंचित ओलसर चमक असलेला ठिपका दिसू लागतो. पेन्सिलीला टोक करताना लाकडाच्या मधोमध शिसे दिसावे, तसा. तो दिसला की थांबावे, कारण त्याच्या मागे लगेच जिव्हाळी आहे. अंगठ्याच्या नखापाशी विशेष लक्ष द्यावे. ते जमिनीला टेकत नसल्यामुळे झिजत नाही आणि गोल वळून कातडीत रुतते.

नखे फार वाढली की जिव्हाळीही त्यांच्यासोबत पुढे सरकलेली असते, त्यामुळे पहिल्या महिन्यात मनाजोगती आखूड नखे मिळणार नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी थोडेथोडे कापत राहिले, तर जिव्हाळी हळूहळू मागे हटते. टकटक आवाज थांबवणे एवढ्यासाठीच हे करायचे नाही. लांब नखे फरशीवर टेकली की बोटे वर उचलली जातात, पाऊल नीट पडत नाही आणि गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर पाय घसरतात. लॅब्रेडॉरमध्ये सांध्यांचे दुखणे मुळातच अधिक आढळते, त्यात ही भर नको.

साधनाविषयी थोडे. आपण वापरतो ते माणसांचे नेलकटर चपट्या नखासाठी असते. कुत्र्याचे गोलसर नख त्यात दोन्ही बाजूंनी चेपले जाते आणि फाटते. कात्रीसारखी दोन वाकडी पाती असलेले नेलकटर घ्यावे. पाते बोथट झाले की ते नख कापत नाही, चिरडते. अनेक कुत्र्यांना खरी तक्रार त्या दाबाची असते, हे लक्षात घेऊन दीड-दोन वर्षांनी नवे आणावे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या घासणीने नख झिजवणेही चांगले, मात्र ती एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली तर नख तापते, आणि पंज्यावरचे लांब केस तिच्यात गुंडाळले जातात. तिच्या घरघरीचीही सवय तशीच हळूहळू लावावी लागते.

प्रश्न : आमची मनी तेरा वर्षांची आहे. ती पूर्वी खांबाला नखे घासत असे, आता दिवसभर झोपून असते. परवा ती लंगडताना दिसली म्हणून पाहिले, तर एक नख गोल वळून तळव्याच्या गादीत शिरले होते. ते आम्ही घरी कापून काढावे का? मांजरांची नखे कापायची असतात हेच आम्हाला ठाऊक नव्हते. — एक वाचक, डोंबिवली

हे नख घरी काढू नये. गादीत शिरलेल्या टोकाभोवती बहुधा जखम आणि पू असतो. ते ओढून काढताना मांजरीला तीव्र वेदना होतात, आणि जखम आतून स्वच्छ केली नाही तर ती चिघळते. तिला आजच डॉक्टरांकडे न्यावे. तोवर घरातील कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नये. तापासाठी आपण सर्रास घेतो ते पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, अर्धी गोळीदेखील जिवावर बेतू शकते.

आपल्याला ठाऊक नसण्यात नवल नाही, कारण तरुण मांजर ही व्यवस्था स्वतःच पाहते. मांजराचे नख कांद्यासारखे थरांनी वाढते, आणि खांबाला घासले की बाहेरचा जुना थर निघून पडतो. सोफ्यामागे झाडताना चंद्रकोरीच्या आकाराची, आतून पोकळ अशी पातळ टरफले सापडतात, ती हीच असतात. नख तुटले असे समजून घाबरलेल्या वाचकांची पत्रेही माझ्याकडे आहेत. म्हातारपणी सांधे आखडतात, घासणे थांबते, थरावर थर साचून नख जाड होते आणि वळत वळत गादीपर्यंत पोहोचते. म्हणून दहा वर्षांवरील मांजराची नखे दर दोन-तीन आठवड्यांनी पाहिलीच पाहिजेत.

कापण्याची रीत सोपी आहे. मांजराची नखे आत ओढलेली असतात. बोटाला वरून आणि खालून अंगठा व तर्जनीने हलके दाबले की नख बाहेर येते. त्याच्या मुळाकडचा गुलाबी त्रिकोण म्हणजे जिव्हाळी. तिला न शिवता फक्त टोकाचा पारदर्शक आकडा, एक-दोन मिलिमीटर, कापावा. वेळ दुपारच्या झोपेनंतरची, पेंगुळलेली असावी. मानेची कातडी धरून उचलणे किंवा जमिनीवर दाबून धरणे हे प्रौढ मांजराला अजिबात करू नये. गरज पडली तर जुन्या मऊ टॉवेलात सैलसर गुंडाळून एकेक पंजा बाहेर काढावा. शेपटी आपटू लागली किंवा कान मागे गेले, की त्या दिवसाचे काम संपले असे समजावे. पुढच्या पायांना दहा आणि मागच्या पायांना आठ नखे असतात. मागची नखे तितकी वाढत नाहीत, पण म्हाताऱ्या मांजरात तीही तपासावीत.

प्रश्न : नख कापताना रक्त आले तर नेमके काय करायचे? आम्ही हळद भरली, तरी आमच्या कुत्रीचे रक्त जवळजवळ अर्धा तास थांबले नाही. — एक वाचक, सांगली

नख कापायला बसण्यापूर्वीच शेजारी वाटीत थोडे कॉर्नफ्लोअर किंवा मैदा आणि कापसाचा बोळा तयार ठेवावा. रक्त आले तर ते पीठ नखाच्या टोकावर दाबून भरावे आणि घड्याळात पाहून किमान तीन मिनिटे दाब सोडू नये. बहुतेक जण दर दहा सेकंदांनी ‘थांबले का’ म्हणून बोट काढून पाहतात आणि नुकतीच धरलेली गुठळी स्वतःच काढतात. न्हाव्याकडे असते तशी तुरटीची पूडही रक्त थांबवते, मात्र ती झोंबते. औषधांच्या दुकानात यासाठी स्टिप्टिक पावडर मिळते, ती घरात असावी. हळदीने नुकसान होत नाही, पण नुसती भुरभुरली तर तिचा उपयोगही नाही. रक्त थांबते ते मुख्यतः दाबामुळे. त्यानंतर तासभर कुत्रीला पळू देऊ नये, आणि त्या दिवशी मातीत किंवा चिखलात नेऊ नये.

परंतु आपल्या पत्रातील ‘अर्धा तास’ हे शब्द वाचून मी थबकले. नीट दाब दिल्यावर नखाचे रक्त पाच-दहा मिनिटांत थांबायला हवे. दाब देऊनही ते पंधरा-वीस मिनिटे वाहत राहिले, तर दोष कापणाऱ्याच्या हातात असेलच असे नाही. आपल्याकडे गोचिडांमधून पसरणारा एर्लिकिओसिस हा आजार कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, खूप कमी होतात. काही कुत्र्यांत ताप येऊन गेलेला कळतही नाही, आणि नखातून किंवा नाकातून न थांबणारे रक्त हीच पहिली खूण ठरते. तिच्या हिरड्या फिकट दिसतात का, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके किंवा जांभळे डाग आहेत का, हे पाहावे आणि ते दिसोत वा न दिसोत, रक्ताची तपासणी करून घ्यावी. गोचीड कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत लपतात. नखे कापताना बेचके आपोआप नजरेखाली येते, ते रिकाम्या नजरेने पाहू नये.

प्रश्न : नखे कापताना मांजराने मला बोचकारले आणि थोडे रक्त आले. मांजर घरातलेच आहे. इंजेक्शन घ्यावे लागेल का? — एक वाचक, सोलापूर

प्रथम ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. चटणी, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि मांजराला रेबीजची लस कधी दिली होती, ते बाहेर फिरते का, हे त्यांना सांगावे. रक्त आलेले बोचकारणे रेबीजच्या दृष्टीने किरकोळ मानले जात नाही. मांजर पंजे चाटते, त्यामुळे नखांवर लाळ असू शकते. ‘घरातलेच आहे’ हे समाधान लसीच्या नोंदवहीसह असेल तरच कामाचे, आणि तेव्हाही निर्णय डॉक्टरांचाच.

प्रश्न : आमचा कुत्रा शेतावर मोकळा असतो. त्याची नखे आम्ही कधीच कापली नाहीत. चुकते आहे का? — एक वाचक, बारामती

नाही. खडकाळ जमिनीवर आणि डांबरी रस्त्यावर रोज पळणाऱ्या कुत्र्याची नखे झिजत राहतात. मात्र दोन्ही अंगठे पाहावेत, आणि मागच्या पायाला वरच्या बाजूला लोंबते जादा बोट असेल तर तेही.

प्रश्न : सशाला उताणे केले की तो अगदी शांत, झोपल्यासारखा होतो. त्या अवस्थेत नखे कापणे सोपे जाते, असे एका ओळखीच्यांनी सांगितले. ते बरोबर आहे का? — एक वाचक, नाशिक

तो झोपलेला नसतो. शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर ससा जसा निपचित होतो, तशी ती भीतीची अवस्था असते, आणि त्यातून तो अचानक भानावर येऊन मागच्या पायांनी जोरात लाथा झाडतो. सशाची हाडे हलकी आणि पायांचे स्नायू ताकदवान असल्यामुळे अशा एका लाथेत त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो. त्याला उताणे करू नये. जमिनीवरच बसून, टॉवेलात गुंडाळून, मागचा भाग आपल्या पोटाशी टेकवून धरावा. केसांत दडलेली नखे गडद असतील तर मागून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाकावा, म्हणजे जिव्हाळी स्पष्ट दिसते. महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे.

प्रश्न : मांजराने नवा सोफा फाडून ठेवला आहे. परदेशात मांजराची नखे शस्त्रक्रियेने कायमची काढतात असे ऐकले. येथे कोणी करते का? — एक वाचक, अंधेरी, मुंबई

कोणी करत असले तरी करून घेऊ नये. त्या शस्त्रक्रियेत नुसते नख निघत नाही, तर प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर हाडासकट कापले जाते. नख त्या हाडालाच उगवते, म्हणून दुसरा मार्गच नसतो. आपल्या दहा बोटांची पेरे कापून नखे कापण्याचा त्रास वाचवावा, तसा हा प्रकार आहे. ज्या परदेशाविषयी आपण ऐकले, त्याच अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. अशी मांजरे चालताना दुखणे सहन करतात, आणि स्वतःचा बचाव नखांनी करता येत नसल्यामुळे काही वेळा अधिक चावू लागतात.

सोफा वाचवणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. मांजर झोपून उठले की अंग ताणून नखे घासते, म्हणून त्याच्या झोपण्याच्या जागेशेजारी, आणि सध्या तरी सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला लागून, अडीच ते तीन फूट उंचीचा खांब उभा करावा. त्यावर सुंभ किंवा घायपाताची दोरी घट्ट गुंडाळावी. खांब डगमगता कामा नये. एकदा जरी तो कलंडला, तरी मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकणार नाही. सोफ्याच्या कोपऱ्यावर महिनाभर जाड प्लॅस्टिक ताणून लावावे, आणि दर तीन आठवड्यांनी वर सांगितल्याप्रमाणे नखांची टोके कापावीत.

प्रश्न : आमच्या पोपटाची नखे फार वाढली आहेत. ती कशी कापावीत? — एक वाचक, चिपळूण

आपला पोपट हिरवा, लाल चोचीचा आणि गळ्याभोवती कडे असलेला असेल, तर तो आपल्याकडचा रानपक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला पाळता येत नाही. तसेच सोडून देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर जगत नाही. वन विभागाशी संपर्क साधावा.

आपण बजेरीगर, म्हणजे दुकानदार ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते छोटे पक्षी पाळले असतील, तर पहिल्या वेळी नखे डॉक्टरांकडूनच कापून घ्यावीत. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो, आणि घाबरून मुठीत आवळलेला पक्षी गुदमरून मरू शकतो. शिवाय एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त इतके थोडे असते की काही थेंब गेले तरी त्याला ते जड जाते. पिंजऱ्यातल्या एकसारख्या जाडीच्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून, औषधे न फवारलेल्या पेरूच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावाव्यात. बसता-उठताना नखे त्यांवर थोडीफार झिजत राहतात, आणि साल सोलण्यात पक्ष्याची दुपारही बरी जाते.